सात कवड्या

गौरी-गणपती उठले त्या आठवड्यात आईचा फोन आला. आजीची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढताना तिच्या हातातून निसटली, आत फडक्यात गुंडाळून ठेवलेली कवड्यांची माळ दगडी उंबऱ्यावर आपटली आणि सात कवड्या फुटल्या. आजी जाऊन अकरा वर्षं झाली, पण ती माळ दर नवरात्रात बाहेर निघते, घटाशेजारी पाटावर बसते आणि दसऱ्यानंतर पुन्हा पेटीत जाते. "फुटकी माळ आईसाहेबांपुढं कशी ठिवू?" आई म्हणाली. "तुळजापुरात मिळत्यात, पण तू तर समुद्राच्या काठालाच हायेस की. सात कवड्या धाडून दे. तिकडं काय, नुसत्या पडलेल्या असतील." मी लगेच हो म्हटलं. केनियातल्या मोंबासात राहायला येऊन सहा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत आईने माझ्याकडे या देशातलं मागितलेलं हे पहिलंच काही. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब घटस्थापनेच्या आधी सोलापूरला जायचंच होतं. कवड्या त्यांच्यासोबत गेल्या असत्या, पुढे एस.टी.च्या कंडक्टरकडे दिल्या असत्या, आणि पहिल्या माळेच्या दिवशी पाटावर पोचल्या असत्या.

त्या शनिवारी मी बांबुरीच्या किनाऱ्यावर गेले. तिथे तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा लाकडी फळीवर शंख-शिंपले मांडून बसतो. ठिपक्याठिपक्यांच्या मोठ्या कवड्या, तांबूस ओठाचे जाड शंख, वाळवलेले लाल तारामासे. मला बघून तो ओरडला, "मामा, कौरी! कौरी!" इथे कुठल्याही बाईला 'मामा' म्हणतात, त्याची सवय झाली आहे. पण 'कौरी' ऐकून मी थांबले. स्वाहिलीत कवडीला कौरी म्हणतात हे सहा वर्षांत माझ्या कानावर आलंच नव्हतं. त्याच्याकडे लहान कवड्याही होत्या, पाठीवर सोनेरी कडं असलेल्या, अगदी आजीच्या माळेत शोभतील अशा. मी सात निवडून घेतल्या. पैसे दिल्यावर तो फळीखालच्या ओल्या गोणीत हात घालून चाचपत राहिला आणि एक ठिपक्यांची मोठी कवडी काढून माझ्या हातावर ठेवली. ही भेट, म्हणाला. ती इतकी गुळगुळीत होती की हातातून घसरेल असं वाटलं. डोक्यावरच्या माडाची झावळी तिच्या पाठीवर दिसत होती.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात वास सुटला. आमच्या आठवडी बाजारात सुकटीच्या टोपल्यांपाशी यायचा, तसा वाटला आधी, मग त्याहून उग्र. मी फ्रिज पुसला, कचऱ्याचा डबा धुतला, ओट्याखाली बघितलं. शेवटी खिडकीतल्या वर्तमानपत्राच्या पुडीकडे मुंग्यांची रांग जाताना दिसली. आठवी कवडी. तिच्या दातेरी फटीत सुई घातली तर काळपट, मऊ काहीतरी टोकाला लागून आलं.

मी ती सुई हातात धरून बराच वेळ ओट्यापाशी उभी होते.

आजी आराधीण होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या हातात परडी असायची, कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट आणि गळ्यात ही माळ. पाच घरं जोगवा मागायचा, 'उदो उदो' म्हणत परत यायचं. मी तिच्या मांडीवर बसून कवड्या मोजायचे. प्रत्येक कवडीचा पोटाकडचा भाग बघायचे, त्या दातांमधून करंगळीचं नख आत घालायचे. "आजी, ह्या कुठनं येत्यात?" विचारलं की ती म्हणायची, "आईसाहेबांच्या डोंगरातनं." ती खोटं बोलत नव्हती. तुळजापूर सोडून तिने फारशी गावं बघितलीच नव्हती, आणि कवड्या तुळजापुरातच मिळत. आमच्या गावापासून समुद्र चारशे किलोमीटरवर. पाणी म्हणजे विहिरीचं, आणि तेही फाल्गुनापर्यंत टिकलं तर. मासा म्हणजे तलावातला मरळ. अशा बाईच्या गळ्यात पन्नास वर्षं एवढा समुद्र लटकत होता आणि आमच्या घरात कोणालाही तो दिसला नाही. भाषेत तर कवड्या पसरलेल्याच आहेत. घट्ट लागलेलं दही कवडीचं, कंजूष माणूस कवडीचुंबक, कोनाड्यात सापडणारा पट्ट्यांचा साप कवड्या, धूप घालायचा तो कवड्या ऊद, आणि भाव पडला की कांदा कवडीमोल. हे सगळे शब्द मी आयुष्यभर वापरले. कवडी हा प्राणी असतो, हे मला त्या सुईच्या टोकाशी कळलं. म्हणजे पुस्तकात वाचलं असणारच कधीतरी, पण वाचलेलं आणि वासाने कळलेलं यांत फरक असतो.

शेजारी इथल्या गिर्यामा जमातीच्या एक बाई राहतात. माहेर किलिफीकडचं, शाळेत शिकवतात. मी त्यांना ती पुडी दाखवली. त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं नाही. आठही कवड्या ओट्यावर ओळीने ठेवल्या आणि म्हणाल्या, "ह्या सगळ्या जिवंत काढलेल्या आहेत. मेलेली कौरी चमकत नाही." मला आधी ते म्हणीसारखं वाटलं. मग त्यांनी नीट समजावलं. कवडी जिवंत असते तेव्हा तिच्या अंगाचा मऊ पडदा फटीतून दोन्ही बाजूंनी बाहेर येतो आणि पाठीवर चढून मध्ये मिटतो, शालीची दोन टोकं जुळवावीत तसा. तो पडदा शिंपल्यावर थर चढवत राहतो, ओरखडा उठू देत नाही, शेवाळ धरू देत नाही. बाकीचे शंख बाहेरून खडबडीत, मळके असतात आणि कवडी मात्र काचेसारखी, ती एवढ्यासाठी. जीव गेला की पडदा गेला. मग लाटा तिला वाळूवर घासतात, ऊन तिचा रंग खातं, आणि किनाऱ्यावर येईपर्यंत ती खडूसारखी पांढुरकी होते. फळीवर मांडलेली चमकदार कवडी कधीच 'पडलेली' नसते. ओहोटीला दगड उलटून ती उचलायची, वाळूत खड्डा करून पुरायची, आतलं कुजून गेलं की धुवायची. माझी आठवी कवडी पुरेशी पुरलेली नव्हती, एवढंच.

"तिकडं काय, नुसत्या पडलेल्या असतील," हे आईचं वाक्य तेव्हापासून डोक्यात फिरत राहिलं. त्यात तिची काहीच चूक नव्हती. समुद्राविषयी सगळं जग असंच बोलत आलं आहे. या कवड्यांनी बाजार चालवले. मालदीवच्या कवड्या जहाजांच्या तळाशी भार म्हणून भरून युरोपात जायच्या आणि तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जिथे त्या मोजून माणसं विकत घेतली जायची. पुढे १९व्या शतकात हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना कळलं की झांझिबारच्या सुलतानाच्या ताब्यातल्या या किनाऱ्यावर सोनेरी कड्याची कवडी त्याहून स्वस्त मिळते. त्यांनी ती जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत ओतली, पामतेल घेतलं, आणि कवड्यांचा इतका पूर आणला की तिथल्या बायाबापड्यांनी साठवलेल्या कवड्यांची किंमत डोळ्यांदेखत गेली. 'कवडीमोल' हा शब्द मी आता लिहिते तेव्हा हात थोडा थांबतो. फळीवरच्या त्या तांबूस ओठाच्या जाड शंखांचीही अशीच कथा. पूर्व आफ्रिकेतून ते इटलीला जात, तिथे त्यांच्या पाठीवर नाजूक स्त्रियांचे चेहरे कोरून कॅमिओचे दागिने करत. शंखातला प्राणी समुद्रात काय करत होता, हे कोणत्या दागिन्यावर कोरलेलं नसतं. तो सी-अर्चिन नावाचे काटेरी जीव खात होता. त्याकडे मी येते.

सर्वपित्रीला शेजारणीने मला तिच्या माहेराकडे नेलं. तिचा भाऊ कुरुवितूला पाहुण्यांना समुद्र दाखवतो. मोंबासाहून उत्तरेला मालिंदीच्या रस्त्याने तासाभरावर विपिंगो, तिथून आत कच्चा रस्ता, दोन्हीकडे घायपाताची राखाडी-हिरवी शेतं. अमावास्येला इथे पाणी खूप मागे जातं. बाम्वुआ म्हणतात त्याला, उधाणाची भरती-ओहोटी. आपल्याकडे घरोघर पितरांना पानं वाढण्याची गडबड असते त्या वेळी, सकाळी दहाच्या सुमारास, मी रबरी चपला घालून एका उघड्या पडलेल्या समुद्राच्या तळावर उभी होते. लांबवर प्रवाळाच्या भिंतीवर लाटा फुटत होत्या, त्यांचा आवाज गिरणीसारखा एकसारखा येत होता. भिंतीच्या अलीकडे गुडघ्याएवढं पाणी, त्यात समुद्री गवताची लव, आणि पाण्याला मीठ, ऊन आणि कच्च्या काकडीसारखा एक वास. मला समुद्राचा वास खमंग वाटत आला होता, बाजारातल्या सुकटीमुळे. जिवंत समुद्राला तो वास नसतो.

भाऊ पुढे चालत होता, पाय कुठे ठेवायचा ते दाखवत. एका उथळ डबक्यापाशी तो बसला आणि मला खुणेने बसवलं. पाण्याखाली दगडाच्या कडेला करड्या रंगाचं काहीतरी चिकटलेलं होतं, मला ते शेवाळच वाटलं. त्याने बोटाने पाणी हलवलं. तो करडा रंग मधोमध उसवला, दोन्ही बाजूंना सरकत खाली गेला, आणि आतून सोनेरी कडं उगवलं. आजीच्या माळेतली कवडी. इतकी वर्षं मी जिला उलटीपालटी करून बघितलं, तिने माझ्यासमोर अंगावरची शाल काढली होती. थोडा वेळ आम्ही हललो नाही. मग शाल पुन्हा वर चढली.

पुढे त्याने दोन्ही हातांनी एक मोठा दगड कलता केला. पूर्ण उलटला नाही, फक्त कलता केला. खाली एक कवडी बसली होती आणि ती हलेना. "अंडी," तो म्हणाला. वाकून बघितलं तर तिच्या अंगाखालून फिकट पिवळ्या दाण्यांचा पुंजका दिसत होता. मादी कवडी अंड्यांवर बसते, खुडूक कोंबडीसारखी, आतली पिल्लं पाण्यात सुटेपर्यंत. फळीवाला मुलगा, किंवा त्याला माल देणारा कोणी, रात्री टॉर्च घेऊन दगड उलटतो तेव्हा हातात येणारी कवडी ही बरेचदा अशी बसलेली असते. ती पळत नाही. आणि उलटलेला दगड कोणी परत पालथा घालत नाही, मग त्याच्या पोटाला चिकटलेले स्पंज, पोचट शेवाळं, किड्यांची नळकांडी सगळं उन्हात वाळून जातं. भावाने तो दगड जसा होता तसा टेकवला. आईने पाळण्यात मूल ठेवताना हात सावकाश काढून घ्यावा, तसा हात काढला.

आता त्या सी-अर्चिनचं सांगते. साळिंदराच्या पिलासारखे काळे, काटेरी गोळे. आम्ही उभे होतो तिथे ते फटींमधून एखाद-दुसरे दिसत होते. पण त्याने मला चालवत दुसऱ्या बाजूला नेलं, राखलेल्या हद्दीच्या बाहेर, आणि तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. खडक दिसत नव्हता, नुसते काटे. प्रवाळाच्या जागी करवतीने घासून काढल्यासारखा पांढरट-गुलाबी चुरा. टिम मॅक्लॅनहॅन या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकापासून या किनाऱ्यावर हेच मोजलं आहे. अर्चिनला फोडून खाणारा मुख्य मासा म्हणजे केशरी रेघांचा ट्रिगरफिश. तो सहज गळाला लागतो, जाळ्यात येतो, सापळ्यात शिरतो. तो संपला, पाठीला चेहरे कोरायला ते जाड शंखही गेले, की अर्चिन माजतात. ते शेवाळ खरवडताना प्रवाळही खरवडतात, आणि शेवाळावर जगणाऱ्या माशांच्या तोंडचा घासही तेच पळवतात. मालिंदी आणि वातामूची सागरी उद्यानं १९६८ सालची, आफ्रिकेतली अगदी सुरुवातीची. तिथे मासेमारी बंद असल्याने ट्रिगरफिश टिकले आणि अर्चिन आटोक्यात राहिले. इतर ठिकाणी जाळं थांबवलं तरी तो मासा परत यायला वर्षानुवर्षं लागतात. ओट्यावरच्या ओळीत आठ कवड्या होत्या. इथे उभं राहिल्यावर त्यांच्या मागे केवढी ओळ आहे ते दिसायला लागलं.

कुरुवितूच्या लोकांनी हे स्वतः बघितलं होतं, कोणी येऊन सांगायच्या आधी. जाळ्यात येणारे मासे तळहाताएवढे झाले, मग बोटाएवढे. २००३मध्ये त्यांनी संघटना केली आणि २००५मध्ये गावासमोरचं ३० हेक्टर पाणी बंद केलं. तिथे कोणी जाळं टाकायचं नाही, सापळा ठेवायचा नाही, शंख उचलायचा नाही. गावकऱ्यांनी स्वतःहून राखलेलं केनियातलं हे पहिलं पाणी. याला त्यांचा शब्द आहे तेंगेफू, म्हणजे बाजूला काढून ठेवलेलं. मी मनात हेक्टरचे एकर केले, कारण मला जमीन एकरातच कळते. पाऊणशे एकर. आमच्या गावात पाऊणशे एकरवाला म्हणजे सगळ्यात मोठा वाडा त्याचा. आणि इथे ज्यांच्या नावावर एक होडीही धड नाही अशा लोकांनी पाऊणशे एकर सोडून दिलं होतं.

मला आमचं गायरान आठवलं. मी पाचवीत असताना गावाने ठराव केला, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. हिवरे बाजारचं नाव तेव्हा आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी होतं. माळावर चर खोदले, आणि दोन पावसाळ्यांत जिथे नुसता मुरूम होता तिथे गुडघ्याएवढं गवत डोलायला लागलं. मास्तरांनी आम्हाला ते बघायला रांगेत नेलं होतं. पण आमच्या गल्लीत एक विधवा बाई होती, तिला शेत नव्हतं, सहा शेळ्या होत्या. पहिल्याच वर्षी तिने सगळ्या विकल्या. गवत वाढलं तेव्हा कापून न्यायची परवानगी मिळाली, पण ज्यांच्या दावणीला म्हशी होत्या त्यांनाच त्याचा उपयोग. ती एकदा आमच्या ओट्यावर बसून आजीला म्हणाली होती, "गवत लई चांगलं आलंय, आत्याबाई. माझ्या शेळ्या असत्या तर खुश झाल्या असत्या." आजी काहीच बोलली नाही, तिच्या पदरात ज्वारी घातली.

मी भावाला विचारलं, इथे मासे धरणारे लोक गेले कुठे. तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, त्याचे वडील दोन वर्षं बैठकीला गेले नव्हते. होडी नाही, पायी चालत जाऊन ओहोटीला आकडीने ऑक्टोपस काढायचे, आणि नेमकं पायी पोचण्याइतकं जवळचं पाणीच बंद झालेलं. आता ते हद्दीच्या दोरीलगत सापळे लावतात, कारण आत वाढलेले मासे गर्दी झाली की बाहेर पडतात. मोंबासाच्या सागरी उद्यानाच्या कडेलाही असंच असतं, मच्छीमारांची रांग नेमकी सीमेवर उभी. दूरच्या पाण्यापेक्षा सीमेवरचा सापळा जड निघतो. वडील आता तेंगेफूच्या बाजूने बोलतात का, असं मी विचारलं. "बाजूने नाही," तो हसला, "पण कोणी आत जाळं टाकताना दिसलं तर सगळ्यात आधी तेच ओरडतात."

दुपारी पाणी भरायला लागलं. परतताना शेजारणीने रस्त्यालगतच्या टेकाडावरचं काळोखं झाडोऱ्याचं बेट दाखवलं. काया. गिर्यामा ज्यांत मोडतात त्या मिजिकेंदा लोकांचं पूर्वजांचं रान. अशी काही रानं २००८मध्ये जागतिक वारसा ठरली. आतून वाळकी काटकीसुद्धा आणायची नाही. मी तिला देवराई हा शब्द सांगितला. तिने तो दोनदा म्हणून बघितला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, आमच्या आजोबांना जंगल राखायला कोणी शिकवावं लागलं नाही, समुद्र राखायला मात्र आम्हाला उशीर झाला, कारण समुद्र संपू शकतो हे कोणाच्या गोष्टीतच नव्हतं. मला आजीचा डोंगर आठवला, ज्यातून कवड्या येतात.

आणि जे गावाने राखलं ते सगळं गावाच्या हातात नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. १९९८मध्ये या समुद्राचं पाणी तापलं आणि या किनाऱ्यावरचा निम्म्याहून अधिक जिवंत प्रवाळ कित्येक ठिकाणी मरून गेला. उद्यानातलाही गेला, बाहेरचाही. प्रवाळाच्या आत राहून त्याला खाऊ घालणारं सूक्ष्म शेवाळ उष्णतेने बाहेर पडतं आणि प्रवाळ हाडासारखा पांढरा होतो. २०२४च्या मार्च-एप्रिलमध्ये ते पुन्हा झालं. भाऊ म्हणाला, त्या दिवसांत पाण्यात उतरलं की खाली बर्फ पडल्यासारखं दिसायचं. त्याने बर्फ बघितलेला नाही, मीही नाही. कुरुवितूचे लोक आता मोडलेले प्रवाळाचे तुकडे काँक्रीटच्या ठोकळ्यांवर रोवून नव्याने वाढवतात. पाण्याखाली रोपवाटिका. ज्यांनी हवेत धूर सोडला नाही त्यांनी तळाशी श्वास रोखून रोपं लावायची. त्यांना ती लावताना बघून मला राग येतो, आणि त्या रागाचं काय करायचं ते कळत नाही, कारण ज्या विमानाने मी दरवर्षी गावी जाते ते माझ्याच तिकिटावर उडतं.

फळीवाल्या मुलाकडे मी परत गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं आणि समोर गेल्यावर त्यातलं काही बोलले नाही. तो शाळेच्या गणवेशातली निळी चड्डी घालून बसला होता. त्याला मी ओळखू आले. "मामा, कौरी?" मी मान हलवली आणि शेजारच्या बाईकडून भाजलेलं कणीस घेतलं, त्यालाही एक घेतलं. आम्ही बसून खाल्लं. माझ्या आजीला कवड्या आवडायच्या, मी म्हटलं. तिने त्या कुठून विकत घेतल्या, त्याने लगेच विचारलं, भाव काय होता. मला माहीत नव्हतं. तो फळीवरचे शंख कपड्याने पुसत राहिला. त्याची चमकदार ठिपक्यांची कवडी उन्हात होती आणि तिच्या पाठीवर आम्ही दोघं दिसत होतो, बारीक, वाकलेले. पोलिसात तक्रार कर, त्याला शिकव, त्याच्याकडून पुन्हा घेऊ नकोस, असं मला तीन जणांनी तीन तऱ्हेने सांगितलं आहे. तिसरं मी पाळते. पहिल्या दोन्हींसाठी त्याच्या घरी रात्री काय शिजतं हे मला आधी माहीत असायला हवं, आणि ते मी अजून विचारलेलं नाही.

सोलापूरला जाणाऱ्या कुटुंबाकडे मी काहीच दिलं नाही. त्या सात कवड्या आणि धुतलेली आठवी कुरुवितूला नेऊन पाण्यात सोडायचा विचार केला होता, पण भाऊ म्हणाला, रिकामं घर पाण्यात टाकून कोण राहायला येणार, तिच्या फटीत शंखातला खेकडासुद्धा शिरत नाही. त्या अजून खणात आहेत. आईला मी फोनवर सगळं सांगायला बसले, शाल, अंडी, दगड, सगळं. ती मध्येमध्ये "हं" म्हणत होती. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. माझं झाल्यावर थोडा वेळ गेला. मग तिने विचारलं, "अंड्यांवर बसलेली असती?"

"हो."

"मग राहू दे."

घटस्थापनेच्या संध्याकाळी तिने व्हिडिओ पाठवला. वावरातली काळी माती, त्यात पेरलेलं धान, वर पहिली झेंडूची माळ, आणि पाटावर आजीची माळ. फोन धरणारा हात थरथरत होता, समईची वात हलत होती. आईने माळ नव्या दोऱ्यात ओवली होती. जिथे सात कवड्या नव्हत्या तिथे तिने लाल सुताच्या सात गाठी मारल्या होत्या, एकावर एक वेढे घेऊन, कवडीएवढ्या जाड. मग व्हिडिओत तिचा दुसरा हात आला आणि ती माळेवरून बोटं फिरवायला लागली, आजी फिरवायची तशी. कवडी, कवडी, कवडी, गाठ. गाठीपाशी बोट थोडं थांबायचं आणि पुढे जायचं.